घडी बसली की कार्ड जमलं

मामांच्या एकसष्टीला मी आयुष्यातलं पहिलं कार्ड केलं, तेव्हा त्यावर काय नव्हतं ते विचारा. कुंदन, जर, टिकल्या, वरून चमकी. एवढं करून ते शोकेसवर ठेवलं की दोन मिनिटांत आ वासायचं आणि पालथं पडायचं. शेवटी मामांनी ते अडकित्त्याला टेकवून ठेवलं. मामी म्हणाल्या, "कार्ड लई भारी झालंय, पण हुबं ऱ्हाईना की!"

चूक सजावटीत नव्हती, घडीत होती. मी कागद उलट्या अंगानं दुमडला होता. तेव्हापासून मी हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला आधी फक्त घडी शिकवते. पोरं कंटाळतात, त्यांना थेट रंगाला हात घालायचा असतो. पण साध्या पांढऱ्या कागदाची घडी धारदार बसली आणि कडा सरळ कापली गेली, की त्यावर एक आपट्याचं पान चिकटवलं तरी ते विकतच्या कार्डापेक्षा देखणं दिसतं. घडी गचाळ असेल तर सोनं लावलं तरी व्यर्थ.

कागद

पैसे खर्चायचेच असतील तर कागदावर खर्चा. कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलात की दुकानात 'क्राफ्ट किट' पुढे करतात. ते राहू द्या. त्यातलं निम्मं सामान ड्रॉवरमध्ये पडून राहतं. मागायचं ते एवढंच: २२० ते ३०० जीएसएमचं कार्डशीट किंवा आयव्हरी कार्ड. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो, चित्रकलेच्या वहीचा साधारण १२० ते १५० चा. २२० च्या खाली गेलात तर कार्ड मान टाकतं, ३०० च्या वर गेलात तर घरी दुमडताना घडीवर तडे जातात. मी २५० वर स्थिरावले आहे.

कार्डशीटचा मोठा ताव साधारण २२ बाय २८ इंची असतो. त्यातून एफाइव्ह मापाचे (A5, १४८ बाय २१० मिमी) ९ तुकडे निघतात आणि बाजूच्या पट्ट्या भेटवस्तूवर बांधायच्या चिठ्ठ्यांना उरतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं मात्र ताव घेऊच नये. एफोर (A4) मापाची पाकीटबंद शीटं घ्यावीत, कापायचं काम निम्म्यानं कमी होतं.

फुकटचा चांगला कागद दोन ठिकाणी मिळतो. एक छापखान्यात. कटिंग मशीनखाली पडलेली कतरण ते रद्दीतच घालणार असतात. मालकाला काका म्हणून हाक मारा आणि रिकामी पिशवी घेऊन जा. दुसरं ठिकाण आपलं स्वतःचं घर. लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग साठतो, आणि त्यांचा कागद हल्ली असा भारी असतो की टाकवत नाही. सोनेरी किनार, नक्षी, रंगीत आतलं पान सगळं कापून वापरता येतं. गणपतीच्या चित्रावर कात्री चालवायला माझा हात धजत नाही. ते चित्र मी अख्खं सोडवून घेते आणि पुढच्या गणेशचतुर्थीच्या कार्डावर तसंच बसवते.

हत्यारं

स्टीलची पट्टी, कटर, पेन्सिल, कात्री, संपलेली बॉलपेन. कटरखाली घ्यायला मॅट नसेल तर जाड पुठ्ठा चालतो, फक्त खाचा पडल्या की तो बदलायचा, नाहीतर पातं जुन्या खाचेत घसरतं. प्लॅस्टिकच्या पट्टीला लावून कटर चालवू नका. पातं पट्टीत शिरतं आणि तिथून बोटात. पात्याचं बोथट झालेलं टोक मोडून टाकायला कंजुषी नको. कागद फाटल्यासारखा कापला जात असेल तर दोष हाताचा नसून पात्याचा असतो. आणि एका दमात जोर लावून कापायचं नाही. हलक्या हातानं तीनदा पातं फिरवायचं.

घडी

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

कागदाला उभाआडवा धागा असतो, जसा कापडाला असतो. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेला समांतर दुमडलं तर घडी सुरीसारखी बसते. आडवं दुमडलं तर तंतू मोडतात, कड खडबडीत होते आणि कागद पुन्हा उघडायला बघतो. मामांचं कार्ड आ वासत होतं ते यामुळेच.

धागा ओळखायचा कसा? शीट टेबलावर ठेवून एक बाजू उचला आणि कड मोडेल एवढं न दाबता हलकेच वाकवून तळव्यानं दाबून बघा. मग दुसऱ्या बाजूनं तसंच करा. ज्या बाजूला कागद मऊपणे वाकतो, त्या घडीला समांतर धागा. तरी कळलं नाही तर कतरणीचा तुकडा दोन्ही दिशांनी फाडा. धाग्याच्या दिशेनं तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो.

एफोर शीटमध्ये धागा बहुधा लांब बाजूला समांतर असतो. अशी शीट आडवी मधोमध कापून दोन एफाइव्ह करा, आणि त्यांची २१० मिमीची बाजू निम्मी दुमडा. घडी आपोआप धाग्याला समांतर येते आणि १०५ बाय १४८ चं कार्ड मिळतं. तीच शीट उभी चिरून लांबोडकी पट्टी केलीत आणि ती मधोमध दुमडलीत, तर घडी धाग्यावर आडवी जाते. दोन्ही वेळा कार्डाचं माप तेच, पण एक उभं राहतं आणि एक पडतं.

धागा कळला की रेघ दाबायची. छापखान्यातली माणसं याला क्रीजिंग म्हणतात. बरोबर १०५ मिमीवर वर आणि खाली पेन्सिलीचा बारीक ठिपका द्या, पट्टी लावा आणि संपलेल्या बॉलपेननं दोनदा दाबून ओढा. पेन खरंच संपलेली आहे ना, हे आधी रद्दीवर ओढून बघा. निळ्या रेघेची तीन कार्डं माझ्याकडे अजून आहेत! दाबताना कागदाला खळगा पडतो आणि मागून उंचवटा येतो. आता घडी घालायची ती खळग्यापासून दूर, म्हणजे उंचवटा आत राहील अशी. बहुतेकांना उलटं वाटतं. पण तसं केल्यानं बाहेरचे तंतू कमी ताणले जातात आणि तडा जात नाही. घडीवर चमच्याची पाठ फिरवा, मध्ये एक कोरा कागद घेऊन, म्हणजे कार्डावर चकाकी उमटत नाही.

पहिल्या दिवशी अशी दहा कोरी कार्डं करा आणि थांबा. ती लाकडी पाटाखाली ठेवा, पाटावर तांदळाचा भरलेला डबा. सकाळी सगळी शिस्तीत बसलेली असतात.

कार्डावर काय काढायचं

आपलं गाव स्वतःला कलापूर म्हणवतं. चित्रकार आबालाल रहिमान इथल्याच कोटितीर्थ आणि रंकाळा या तळ्यांच्या परिसराची चित्रं करत राहिले. असं असताना आपण कार्डावर लाल गुलाब आणि टेडी का काढतो, हे मला कोडंच आहे. नक्षी तर दारात पडली आहे.

कोल्हापुरी साज घ्या. परंपरेनं त्यात २१ पानं सांगतात. कार्डावर ७ पुरतात. मासा, कासव, चंद्र, बेलपान असे आकार पत्रिकेच्या सोनेरी कागदातून बोटाच्या पेराएवढे कापायचे. कार्डावर पेन्सिलीनं कमानीसारखी रेघ काढायची, मधलं पान सगळ्यात खाली, आणि तिथून दोन्ही बाजूंना एकेक चिकटवत वर जायचं. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटच्या पानाला जागा उरत नाही. भावजयीच्या वाढदिवसाला याहून बरं कार्ड नाही.

धाग्याचं काम त्याहून सोपं. घरात इचलकरंजीच्या सुताचं एखादं रीळ किंवा भरतकामाचा दोरा असतोच. आकार आधी पातळ कागदावर काढून कार्डावर ठेवा आणि दर ५ मिमीवर भोक पाडा. भोक आधी, दोरा नंतर. सुई थेट खुपसली तर कार्डशीटला मागून फुलोरा येतो. मी चप्पल लाइनीतल्या ओळखीच्या कारागिरांकडून एक बारीक आरी मागून आणली आहे, तिनं भोक गोल आणि नेटकं पडतं. मग वेणी आणि गोंड्यासकट कोल्हापुरी चपलेचा आकार टाक्यांनी उठवा. भाच्याच्या परदेशातल्या पहिल्या दिवाळीला मी हेच कार्ड पाठवलं होतं. मागची दोऱ्यांची गिचमीड झाकायला आतून एक कोरं पान चिकटवायला विसरू नका.

पानं वापरायची असतील तर ती वहीत दाबून निदान आठवडाभर वाळवा. दसऱ्याची आपट्याची पानं तशीच चिकटवलीत तर त्यातला ओलावा कार्डात उतरतो आणि पानाभोवती तपकिरी डाग पडतो. भेंडीचे ठसे छान येतात, फक्त चिरलेली भेंडी आधी कापडावर टिपून घ्या, चिकट राहिली तर रंग घसरतो.

न करण्याची एक गोष्ट सांगते. जोतिबाचा गुलाल आणून तो कार्डावर डिंकानं बसवण्याची हौस मी केली आहे. सुकल्यावरही तो सुटत राहतो. पाकीट गुलाबी, टपालवाला गुलाबी, घेणाऱ्याचा सोफा गुलाबी. चांगभलं! गुलाबी रंग हवा तर पोस्टर कलर घ्या.

किरणोत्सवाचं कार्ड

नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं आधी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत चढतात. हे कागदात करता येतं, आणि देवीचं चित्र न काढता. शुभेच्छापत्रं शेवटी रद्दीत जातात, म्हणून मी देवीची मूर्ती कार्डावर काढत नाही, फक्त दगडी दार काढते.

कार्ड उभं धरा, घडी डाव्या हाताला. पुढच्या पानावर खालून ६ सेंमी सोडून ४ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच दार कापून काढा. दाराभोवती दगडी चौकट रंगवा. आता ५ सेंमी रुंद आणि १६ सेंमी लांब पट्टी घ्या. तिचा खालचा ६ सेंमी भाग पिवळा, उरलेला गडद तपकिरी. पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला ८ सेंमी लांब आणि १ सेंमी रुंद तुकडा आडवा चिकटवा, तो तिचा पाय. पट्टी पानाच्या मागून अशी ठेवा की पाय कार्डाच्या तळाशी येईल आणि वरचं टोक कार्डाबाहेर सेंटीमीटरभर डोकावेल. पट्टीच्या दोन्ही अंगांना, दोन मिलिमीटरची सैल जागा सोडून, फोम टेपच्या पट्ट्या लावा, पण दाराच्या खालच्या कडेपासून वरच्या बाजूलाच. खाली लावायच्या नाहीत, कारण पायाला वर सरकायला तेवढी जागा हवी. फोम टेपवर मागून पातळ पान चिकटवून झाकून टाका. आता वरचं टोक ओढलं की पिवळा उजेड दारात खालून चढतो, आणि दार पूर्ण उजळलं की पाय टेपला अडतो. पट्टी अडकत असेल तर तिच्या कडांवर मेणबत्ती घासा. पहिल्या खेपेला माझा दीड तास गेला होता, तुमचाही जाईल.

उघडताच उभं राहणारं चित्र

हे दिसतं अवघड, पण त्यामागे एकच हिशेब आहे. १५० जीएसएमचा एफाइव्ह कागद मधोमध दुमडा. घडीच्या बाजूनं, एकमेकांपासून ४ सेंमीवर, ३ सेंमी लांबीचे दोन समांतर काप द्या. मधली पट्टी मागेपुढे दुमडून मऊ करा, कागद उघडा आणि ती आतल्या बाजूला ढकला. कार्ड काटकोनात उघडलं की एक छोटा ठोकळा उभा राहतो. त्याच्या पुढच्या अंगाला चित्र चिकटवायचं, ठोकळ्याच्या पायथ्यापासून वर. जोतिबाचं शिखर, न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस, काहीही.

हिशेब असा: कापाची लांबी आणि चित्राची उंची यांची बेरीज कार्डाच्या १०५ मिमीपेक्षा कमी हवी. काप ३० मिमी असेल तर चित्र ७० पर्यंतच. त्यापेक्षा उंच केलंत तर कार्ड मिटल्यावर शिखर बाहेर डोकावतं. शेवटी हा कागद २५० च्या बाहेरच्या कार्डात बसवा. चारही कडांना गोंद लावायचा, पण ठोकळ्याच्या मागे एक थेंबही नाही, नाहीतर ठोकळा उठतच नाही.

गोंदाचं सांगायचं तर फेव्हिकॉल चांगला, पण तो पाण्याचा असतो आणि जाड थर दिला की कागद पापडासारखा उचलतो. जुन्या टूथब्रशनं पातळ फासा. मोठ्या पानाला गोंदाची कांडी किंवा दुहेरी टेप बरी.

अक्षर आणि शाई

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, म्हणून पेन्सिलीची रेघ वर आखायची, खाली नाही. अक्षर १२ मिमी उंच करणार असाल तर वर ६ मिमी वेलांट्या-मात्रांना आणि खाली ६ मिमी उकारांना सोडा. 'शुभेच्छा' लिहिताना दोन्हीकडे जागा लागते, 'नमन' लिहिताना कुठेच नाही. बोरू मिळाला तर उत्तम. नाहीतर आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापा आणि शाईत बुडवा, जाडबारीक वळण आपोआप येतं. शब्द मधोमध हवा असेल तर अंदाजानं सुरुवात न करता आधी रद्दीवर लिहून त्याची लांबी मोजा.

शाईचा धडा मला २०१९ च्या महापुरानं दिला. शुक्रवार पेठेतल्या मावशीच्या घरात पाणी शिरलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली आमची सगळी कार्डं भिजली. स्केचपेननं लिहिलेली निळ्या-जांभळ्या डागांत विरघळून गेली, कोणी कोणाला काय लिहिलं होतं ते कळेना. पेन्सिलीनं लिहिलेलं मात्र जसंच्या तसं होतं, आणि वॉटरप्रूफ काळ्या ड्रॉइंग इंकचंही. आता मी आतला मजकूर त्याच शाईनं लिहिते. पेन नवीन असेल तर कतरणीवर चार अक्षरं लिहून, वाळवून, ओल्या बोटानं पुसून बघते.

मजकूर सजावटीच्या आधी लिहा. लिहिताना चूक झाली तर फक्त एक कोरं कार्ड वाया जातं. आणि छापील ओळी उतरवू नका. 'ती. स्व. मामांस सा. न.' (तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार) अशी सुरुवात करून पुढे त्या माणसाचं आणि तुमचं एखादं नेमकं स्मरण लिहा. मामांना मी पुढच्या वर्षी लिहिलं होतं की खासबागेतली कुस्ती बघताना तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. ते कार्ड अजून त्यांच्या कपाटात आहे. हे दुसरं कार्ड उभंही राहतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पितो. शीट कडेनं वळते, गोंद सुकायला दुप्पट वेळ लागतो, आणि बंद कपाटात कार्डांवर बुरशीचे ठिपके येतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आडवा ठेवा, उभा टेकवून नको. नव्या चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाका. राखीची कार्डं करायची असतील तर कोरड्या दिवशी एकदम कापून, दुमडून पाटाखाली ठेवा. रंगकाम पाऊस लागल्यावर केलं तरी चालतं.

पाकीट आणि टपाल

पाकिटाला एफोर कागदातून २१ सेंमीचा चौकोन कापा. १०० जीएसएम पुरे. चौकोन तिरका, म्हणजे कोपरा वर येईल असा ठेवा आणि मधोमध कार्ड आडवं ठेवा. सगळीकडून ३-४ मिमी सैल सोडून आधी डावा-उजवा कोपरा दुमडा, मग खालचा त्यांच्यावर चिकटवा, वरचा झाकणाला. डावे-उजवे कोपरे मध्ये भेटत नाहीत म्हणून घाबरू नका, खालचा त्यांना झाकतो.

वजनाचा हिशेब घरीच होतो. एफोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, एफाइव्ह बत्तिसावा. २५० ला ३२ नं भागलं की कार्ड ८ ग्रॅमच्या आत, पाकीट साडेचार. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, म्हणजे सजावटीला ७-८ ग्रॅम उरतात. आत उठणारं चित्र घातलं तर त्यातले पाचेक ग्रॅम जातातच. त्यापुढे कुंदन लावायचे असतील तर खिडकीवर वजन करून तिकीट लावा, नाहीतर दंड घेणाऱ्याला भरावा लागतो.

संक्रांतीच्या कार्डात तिळगूळ घालणार असाल तर तो बटर पेपरच्या पुडीत बांधा. तिळाचं तेल कागदातून आरपार जातं. काटेरी हलव्याचे दाणे कार्डावर चिकटवायचा मोह टाळा. मी चिकटवले होते, आणि सांगलीला पोचेपर्यंत पाकिटात कार्डापेक्षा मुंग्या जास्त होत्या.

उठावाचं किंवा दोऱ्याचं कार्ड लाल पेटीत टाकू नका. खिडकीवर द्या आणि "दादा, शिक्का जरा हातानं आणि कडेला मारा" असं सांगा. बहुतेक वेळा मारतात.